बटण सोडल्यावर

आमच्या गाडीच्या टपावर हल्ली एक काठी उभी असते. शेजारच्या आजोबांना ती गळाची काठी वाटली आणि नदीला सध्या कोणता मासा लागतोय, असं त्यांनी मला मोठ्या आस्थेने विचारलं. नातीला ती छत्रीची दांडी वाटली; छत्री कुठे उडाली म्हणून ती रडवेली झाली. सौभाग्यवतींनी मात्र पहिल्याच दिवशी दारात उभं राहून, कमरेवर हात ठेवून निकाल दिला, "अहो, गुढी उभारलीत ती उभारलीत, निदान वर गडू तरी पालथा घाला." पाडव्याला अजून पाच महिने अवकाश होता. तेव्हापासून आमच्या घरात त्या वस्तूचं नाव गुढीच पडलं आहे, आणि 'गुढीची वायर निघाली' किंवा 'गुढी गराजच्या दाराला थडकली' अशी वाक्यं आता कुणालाच चमत्कारिक वाटत नाहीत.

वास्तविक ती सीबी रेडिओची अँटेना. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. अमेरिकन सरकारने १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची आकाशाची एक चिंचोळी पट्टी सामान्य माणसाला दिली. एखाद्या खोताने गावाच्या विहिरीसाठी वाडीतला कोपरा सोडावा तशी. आधी तिच्यात २३ चॅनलं होती, १९७७ पासून ४० झाली. प्लंबरने गाडीतून दुकानात विचारावं की पुढचं गिऱ्हाईक कुठलं, शेतकऱ्याने ट्रॅक्टरवरून घरी सांगावं की जेवायला थांबू नका, असल्या घरगुती निरोपांसाठी ही सोय. ताकद अवघी चार वॉट. आपल्याकडे पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॉट खातो. एवढ्याशा बळावर गाडीतला आवाज तीन-चार मैल जातो, आणि तेवढ्या टापूत जो कुणी असेल त्याच्याशी बोलायचं. कोण आहे ते माहीत नसतं. कुणी आहे की नाही, हेही माहीत नसतं. मुलगी म्हणाली, "बाबा, फोन आहे ना तुमच्याकडे?" आहे. पण फोनवर बोलायला आधी माणूस ठरवावा लागतो, आणि माझ्या वयाला ती यादी दरवर्षी आखूड होत जाते. सीबीचं तसं नाही. तिथे अंगणात उभं राहून 'आहे का कुणी घरात?' अशी हाक मारायची आणि थांबायचं.

आम्ही आयोवात राहतो. सभोवार मका, मक्याच्या पलीकडे सोयाबीन, आणि सोयाबीनच्या पलीकडे पुन्हा मका. मुलगी शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. महिन्यातून एका शनिवारी आम्ही पहाटे डी मॉइन सोडतो आणि आय-८० धरून पूर्वेला निघतो; मिसिसिपी ओलांडायची, मग थोडं उजवं-डावं, की आलं. पाचेक तासांचा रस्ता. पहिला पाऊण तास आम्ही बोलतो: दूध फ्रिजमध्ये ठेवलं का, मागचं दार लावलं का, आणि लावलं असेल तर ते लावताना पाहिलेला साक्षीदार कोण. ग्रिनेल गावाची पाटी आली की हिचा डोळा लागतो. गेली कित्येक वर्षं त्यात मैलाचा फरक पडलेला नाही. त्यानंतर मी आणि मका.

पण सीबीची इच्छा या कंटाळ्यातून उगवली, असं म्हटलं तर ते खोटं होईल. तिचं बी १९७८ सालचं आहे. त्या वर्षी मी शिकायला एम्स गावी आलो. खोलीतला सोबती इथल्याच एका शेतकऱ्याचा पोरगा, आणि त्याच्या पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या खाली एक काळा डबा लटकलेला. एका हाताने गाडी हाकत, दुसऱ्या हाताने वेटोळ्या तारेचा माइक तोंडाशी नेऊन तो जी भाषा बोलायचा, ती आमच्या तर्खडकरी इंग्रजीच्या नात्यागोत्यातली नव्हती. पोलिसाला अस्वल म्हणायचे, कारण हायवेवरच्या पोलिसांची टोपी वणव्यापासून सावध करणाऱ्या सरकारी जाहिरातीतल्या स्मोकी अस्वलाच्या टोपीसारखी. ट्रकचं वजन करायच्या नाक्याला कोंबड्यांचं खुराडं म्हणायचे. फुटलेल्या टायरची साल रस्त्यात पडली असेल तर ती मगर. 'तू कुठे आहेस' असं सरळ न विचारता 'तुझा वीस काय' असं विचारायचं. आपल्याकडे चौकातल्या पोलिसाला मामा म्हणतात, तेव्हा अस्वलाचं मला फारसं नवल वाटलं नाही. दोन्ही संस्कृतींनी कायद्याला घरचं किंवा रानचं करून घेतलं होतं इतकंच. एकदा त्या सोबत्याने माइक माझ्यापुढे धरला. बोल म्हणाला काहीतरी. मी बटण दाबलं आणि श्वास रोखून बसलो. माझं इंग्रजी त्या वेळी व्याकरणाच्या काठीवर टेकून चालणारं; हायवेवर धावायची त्याची छाती नव्हती. अर्ध्या मिनिटाने त्याने माइक हळूच काढून घेतला. आयोवातल्या एका रस्त्यावर त्या संध्याकाळी चार मैलांच्या परिघात माझी शांतता प्रक्षेपित झाली होती.

तेव्हा या देशाला सीबीचं खूळ लागून चारपाच वर्षं झाली होती. १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखलं, पंप कोरडे पडले, आणि सरकारने देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली. मैलावर पैसे कमावणाऱ्या ट्रकवाल्याला हे कसं परवडणार? मग कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि कुठल्या पुलामागे अस्वल दबा धरून बसलं आहे, हे ते एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. त्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियात, याच आमच्या आय-८० वर, त्यांनी सीबीवर हाका घालून गाड्या आडव्या लावल्या आणि रस्ता बंद पाडला. नंतर घरातल्या साध्या गाडीवाल्यांनाही तो डबा हवासा झाला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीसुद्धा सीबीवर 'फर्स्ट मामा' असं नाव घेतलं होतं. पुणेकराला ते ऐकून चौकातला पहिला मामाच आठवेल, पण तो त्यांचा दोष नव्हे. आणि १९७६ च्या जानेवारीत अमेरिकेत ज्या गाण्याने पहिला नंबर पटकावला ते 'कॉन्व्हॉय' हे गाणं तर सीबीवरच्या संभाषणाने भरलेलं होतं. गायक सी. डब्ल्यू. मॅकॉल. या नावाचा माणूस मुळात नव्हताच. ओमाहाच्या बिल फ्राइस नावाच्या जाहिरातवाल्याने पावाच्या जाहिरातीसाठी एक ट्रकवाला कल्पिला होता, तो लोकांना इतका आवडला की पाव बाजूला राहिला आणि ट्रकवाला गाऊ लागला. हे फ्राइस जन्माने आयोवाचे. पुढे कोलोरॅडोतल्या उरे नावाच्या डोंगराळ गावाचे ते नगराध्यक्ष झाले. पावापासून पालिकेपर्यंतचा हा प्रवास मला उगाचच आपल्याकडचा वाटतो.

निवृत्तीनंतर मी पहिला सीबी घेतला तो कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्यापान्याच्या विक्रीतून, पाच डॉलरला. तो मेलेला निघाला. विकणाऱ्याने तसं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं, तेव्हा दोघांचंही चुकलं नाही. मग एका शनिवारी, परतीच्या वाटेवर, आम्ही वॉलकॉटला थांबलो. वॉलकॉटचा ट्रकथांबा १९६४ पासूनचा आहे आणि जगातला सर्वांत मोठा म्हणवतो. तिथे ट्रकवाल्यांसाठी न्हावी आहे, दंतवैद्य आहे, क्रोमच्या चकचकीत सुट्या भागांचं इतकं मोठं दालन आहे की हिने तिथल्या एका धुराड्यात पाहून कुंकू सारखं केलं. मी सीबीच्या कपाटासमोर उभा राहिलो आणि मुलगी पाहायला गेलेल्या वरपित्यासारखा गंभीर झालो. एक रेडिओ अगदी चिमुकला, सगळी बटणं माइकमध्येच. डबा सीटखाली दडवायचा. सोयीचा खरा, पण रेडिओ असून दिसणार नसेल तर तो घ्यायचा कशाला? एक सिंगल साइडबँडवाला. त्याला चाराऐवजी बारा वॉटपर्यंत मुभा आणि आवाज दूरवर पोचतो, पण सुरात लावायला जरा कान लागतो, नाहीतर बोलणारा बदकासारखा ऐकू येतो. तिसरा जुन्या वळणाचा, रुंद, क्रोमच्या कडांचा, भल्या मोठ्या फिरत्या बटणांचा. हातमोजे घालूनही फिरवता येतील अशी ती बटणं होती. थंडीत कडकडणारी माझी बोटं मनातल्या मनात त्यावर ठेवून पाहिली आणि तोच घेतला. त्याला एक पीए नावाची कळही होती. बॉनेटखाली भोंगा बसवला की आपला आवाज रस्त्यावर मोठ्याने ऐकू येतो. गणपतीच्या मांडवात घडलेल्या माणसाला हा मोह किती दुर्धर असतो, ते मी सांगायला नको. पण भोंगा उचलून मी हिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो जागच्या जागी ठेवून दिला.

रेडिओ घेणं म्हणजे नवरामुलगा पसंत करणं. संसार अँटेनाच्या हातात असतो. हे मला दुकानदाराने सांगितलं, अर्थात त्याच्या शब्दांत. सीबीच्या लहरींची लांबी अकरा मीटर. मनासारखी अँटेना हवी तर त्याचा निदान चौथा हिस्सा पाहिजे, म्हणजे पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. आमच्या छोट्या गाडीवर नऊ फूट काठी लावली असती तर पहिल्याच गराजच्या दाराशी महाभारत झालं असतं. म्हणून आखूड काठी मिळते; उरलेली लांबी तारेच्या वेटोळ्यांत गुंडाळून बुडाशी ठेवलेली असते. नेसायला जमत नाही म्हणून शिवून घेतलेली नऊवारी म्हणा ना. दिसते तशीच, पण जाणत्या बायकांना फरक कळतो. तिला खाली लोहचुंबकाची बैठक. ती टपाच्या अगदी मधोमध ठेवायची, कारण गाडीचा पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग असतो. निम्मी आपण विकत घेतो आणि निम्मी आपण आधीपासूनच चालवत असतो.

यानंतर येतो तो एसडब्ल्यूआर. या तीन अक्षरांनी मला इतकं आपलंसं केलं की काय सांगू. आपण रेडिओतून जी शक्ती अँटेनाकडे धाडतो ती सगळीच आकाशात जात नाही. अँटेना नीट जुळवलेली नसेल तर त्या शक्तीतली काही उलट्या पावली परत येते. किती जाते आणि किती परत येते, त्याचा हा हिशोब. तरुणपणी मी मासिकांना लेख धाडत असे. त्यांतले बरेचसे 'साभार परत' अशा चिठ्ठीसह घरी येत आणि पोस्टमन ते आईच्या हाती देई. तेव्हा हे परिमाण मला आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्याला काटा असतो हे ठाऊक नव्हतं. काटा दीडच्या आत असला तर उत्तम. दोनपर्यंत चालवून घेतात. तीनच्या वर गेला तर परत आलेलं सगळं रेडिओच्या पोटात साठून त्याचे ट्रान्झिस्टर जळतात. माझे काही समवयस्क लेखक मित्र मला या ठिकाणी आठवले.

एका रविवारी दुपारी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही काटा पाहायला बसलो. मोकळी जागा लागते आणि गाडीची दारं लावलेली हवीत, म्हणून हिला आत बसवून माइक हाती दिला आणि मी बाहेर. मी बोट वर करायचं, हिने बटण दाबायचं, काचेतून आकडा दाखवायचा. एक नंबरच्या चॅनलवर १.७, चाळीस नंबरवर २.६. वरच्या चॅनलवर जास्त म्हणजे काठी लांब आहे. मी बारीक षट्कोनी किल्लीने स्क्रू सैल केला, काठी पाऊण सेंटिमीटर आत सरकवली, स्क्रू आवळला, लांब जाऊन उभा राहिलो, बोट वर केलं. पुन्हा आकडे. पुन्हा अर्धा सेंटिमीटर. असं सहा वेळा. सहाव्यांदा हिने काचेला दोन्हीकडे १.३ दाखवलं आणि काच खाली करून म्हणाली, "लग्नानंतर एवढ्या बारकाईने तुम्ही कशात लक्ष घातलंत ते मी पहिल्यांदाच बघतेय."

मग रेडिओ लावून ऐकायचं. ऐकायला काय येतं? खरखर. कढईत पोह्यांची फोडणी पडावी तशी, पत्र्यावर पाऊस लागावा तशी, न संपणारी खरखर. ती बंद करायला स्क्वेल्च नावाचं बटण असतं. ते हळूहळू उजवीकडे फिरवायचं; एका जागी खरखर तुटते आणि एकदम सामसूम होते. तिथेच थांबायचं. त्याच्या पुढे गेलं तर दुबळे, दूरचे आवाजही दाराबाहेर राहतात आणि फक्त जवळचा, दांडगा माणूस आत येतो. मी हे हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हे बटण तुमच्या कानात जन्मापासून आहे. पार उजवीकडे फिरवलेलं."

मला मात्र ती खरखर बंद करवत नाही. आमच्या वाड्यात मर्फीचा रेडिओ होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी ताणलेली, तिच्यावर चिमण्या बसत. रेडिओला परवाना लागे. वडील दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरत आणि ते पुस्तक देवाच्या पोथ्यांशेजारी ठेवत. (इथेही सीबीला परवाना लागत असे, तो १९८३ मध्ये रद्द झाला. भारतात २७ मेगाहर्ट्झचा तुकडा २००५ पासून कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याशिवाय मोकळा आहे, पण तो बहुतेक खेळण्यातल्या मोटारी वापरतात.) संध्याकाळी वडील काटा फिरवत आणि दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीतून भलत्याच भाषांची कुजबूज ऐकू येई. कोण बोलतंय, असं विचारलं की ते म्हणत, "लांबचे लोक." बातम्या सुरू होताना निवेदिका नमस्कार म्हणे. तेव्हा वडील हातातला चहाचा कप खाली ठेवून रेडिओला नमस्कार करत. पोरं हसत. वडिलांनाही ठाऊक होतं की ती बाई ऐकत नाही. पण समोरच्याने नमस्कार केल्यावर गप्प बसणं त्यांना जमत नसे.

लांबचे लोक सीबीवरही येतात. सूर्यावरचे डाग अकराएक वर्षांनी वाढतात, २०२४ च्या सुमारास वाढले होते, आणि मग या लहरी वरच्या वातावरणावर आपटून हजारो मैलांवर उतरतात. त्याला स्किप म्हणतात. भर दुपारी, आयोवाच्या मक्यात, कुठल्या तरी दक्षिणी राज्यातला गोडमिट्ट हेल काढणारा आवाज अचानक कानाशी येतो, आपल्या कुत्र्याबद्दल काही सांगतो आणि विरून जातो. गंमत अशी की २०१७ पर्यंत अडीचशे किलोमीटरपलीकडच्या माणसाशी सीबीवर बोलायला कायद्याने बंदी होती. म्हणजे सूर्य त्याला उचलून तुमच्या गाडीत आणून सोडणार आणि तुम्ही ओळख न दाखवता समोर पाहत बसायचं. तसे नातेवाईक आपल्याकडेही असतात.

बोलायचं तर नाव लागतं. खरं नाव इथे कुणी घेत नाही. टोपणनाव घ्यायचं, त्याला हँडल म्हणतात. ज्या भाषेत शिरवाडकर कुसुमाग्रज होतात, गडकरी गोविंदाग्रज होतात आणि माणिक गोडघाटे सरळ ग्रेस होतात, त्या भाषेतल्या माणसाला एवढं जड जाऊ नये. मी दोन आठवडे विचार केला. 'चातक' मला आवडलं, पण इथल्या जिभेवर त्याचं काय होईल याची भीती वाटली. हिने 'कुंभकर्ण' सुचवलं. शेवटी काहीच न ठरवता आम्ही एका शनिवारी निघालो, आणि ग्रिनेलच्या अलीकडे मी चॅनल १९ लावलं. ट्रकवाल्यांचं चॅनल १९. नऊ नंबर संकटासाठी राखलेला. मी माइक तोंडाशी नेला, बटण दाबलं, आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी अडलेला श्वास सोडून बोललो. काय बोललो? "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री." गणेशोत्सवाचे संस्कार कुठे जातात!

उत्तर येईना. मी वाट पाहिली. पुन्हा हॅलो म्हटलं. मैल गेला, दुसरा गेला. हिने विचारलं, डबा मागे ठेवलाय की पुढे. मी म्हटलं, मागे. ती म्हणाली, मग मी काढू कसा, आणि तुम्ही मघाशी पेट्रोलला थांबायला हवं होतं, पुढचा पंप लांब आहे. मी म्हटलं, पुरेल. ती म्हणाली, पुरेल म्हणूनच गेल्या वर्षी ढकलत नेली होती. हे बरंच लांबलं. मग माझं बोट दुखायला लागलं म्हणून मी माइक खाली ठेवला, आणि त्याच क्षणी रेडिओतून एक थकलेला, जाडाभरडा आवाज बाहेर आला. म्हणाला, गड्या, इतका वेळ तुझं बटण दाबलेलंच आहे. तुला आमचं काही ऐकू येत नाही, आणि आम्हाला सगळं ऐकू येतंय. भाषा कळली नाही, पण बाईंचं बरोबर आहे.

सीबीचं हेच मोठं. बोलत असताना ऐकू येत नाही. बटण दाबलं की रेडिओ बहिरा होतो, सोडलं की मुका. एका वेळी एकानेच. हे यंत्र आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेला प्रत्येकाच्या हाती द्यावं असं मला फार वाटतं, पण तिथे कुणी बटण सोडणार नाही. त्या आवाजाने मग विचारलं, हँडल काय तुझं? मी गडबडलो. ट्रकवाल्यांशी बोलतोय, एवढंच डोक्यात होतं, आणि आयुष्यभर खंबाटकीच्या घाटात ज्या तीन शब्दांच्या मागे तासन्‌तास सरपटलो होतो ते आपोआप तोंडून पडले. हॉर्न ओके प्लीज. तो म्हणाला, बरं, हॉर्न. जपून जा. पेट्रोल भर.

हल्ली चॅनल १९ वर फारसं कुणी नसतं. रस्त्यातली अस्वलं आता फोनच दाखवतो. कधी वॉलकॉटच्या आसपास एखादा पुढच्या खोळंब्याची खबर देतो, कधी कुणी कंटाळून नुसताच जांभई देतो. आम्ही दोन-तीन महिने असेच गेलो-आलो. मी आपला मधूनच बटण दाबून नाव सांगायचो आणि सोडायचो. एका शनिवारी, आयोवा सिटी मागे टाकल्यावर, मी म्हटलं, "हॉर्न ओके प्लीज, पूर्वेला." खरखर. मग त्या खरखरीतून, अगदी जवळून, खळाळून हसू आलं आणि कुणी म्हणालं, "ओके टाटा, अंकल जी!"

इकडे पंजाबी ट्रकवाले बरेच आहेत. तरी मी इतका दचकलो की गाडी पट्ट्यावरून खडखडली. ही जागी झाली. तो जालंधरचा, आता कॅलिफोर्नियात राहतो, शिकागोहून परत निघालेला, मागे चाळीस हजार पौंड मांजरांचं खाणं. पूर्वी दिल्ली-मुंबई गाडी चालवायचा. कसारा घाटात पावसाळ्यात रात्ररात्र अडकलोय म्हणाला, तिथे एका टपरीवर भजी मिळायची, कांद्याची, सोबत तळलेली मिरची. "मिलती है अभी?" कसाऱ्याला जाऊन मला वीस वर्षं झाली. मी म्हटलं, मिलती है. आता गणित असं, की तो पश्चिमेला पासष्टने, आम्ही पूर्वेला सत्तरने, म्हणजे तासाला १३५ मैलांनी आम्ही आधी एकमेकांकडे आणि मग एकमेकांपासून दूर चाललेलो. आवाज चार मैल पोचतो असं धरलं तर आमच्या ओळखीची एकूण लांबी आठ मैल, वेळ साडेतीन मिनिटं. मधोमध तो म्हणाला, "डिपर मारता हूँ, देखना." पलीकडच्या रस्त्यावर ट्रकांची ओळ लागली होती. तिच्यातल्या एका पांढऱ्या ट्रकने भर दिवसा दोनदा डोळे मिचकावले. मीही मिचकावले. मग त्याच्या शब्दांना भोकं पडत गेली, 'बारिश' ऐकू आलं, 'चाय' ऐकू आलं, आणि पुन्हा फोडणी.

"नाव विचारलंत त्याचं?" हिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने माइक माझ्या हातातून घेतला, बटण दाबलं, स्पष्ट आवाजात "ओके टाटा, बेटा" म्हणाली, आणि ताबडतोब बटण सोडून कान देऊन बसली. मला शिकवावं लागलं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. काही ऐकू आलं नाही. तरी मिसिसिपीचा पूल येईपर्यंत तिने माइक मांडीवरच ठेवला होता.

तुमच्यापैकी कुणी लेकीकडे-मुलाकडे इकडे आला असाल आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी आय-८० वर असाल, तर चॅनल १९ लावा. हॉर्नला हाक मारा. मी गाडी चालवण्यात असलो तर गुढी उत्तर देईल. ते हँडल तिने स्वतः घेतलंय. ग्रिनेलला ती आता झोपत नाही.